चार पॉइंट दोन टन

१२ जानेवारी, रविवार

दादा,

ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असणार, सांभाळून घे. मला अजून दोनच बोटांनी टाईप करता येतं आणि 'ज्ञ' कुठे असतो ते दर वेळी शोधावं लागतं. सकाळी दहाला बसलेय. जेवायची हाक येईपर्यंत एवढंसंच होईल बहुतेक.

तुझा फोन पस्तीस दिवस बंद लागतोय. हा मेल तू बघतोस की नाही माहीत नाही, पण परत येत नाहीये, म्हणजे कुठेतरी पोचत असेल.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांना कुणी विचारलं तर सांगतात, मोठा बाहेर गेलाय, मोठं काम मिळालंय. शेजारच्या काकूंनी विचारलं कसलं काम, तर म्हणाले कॉम्प्युटरचं, आणि हातातलं शिलाई मशीन उलटं करून त्यात तोंड घातलं. आत्याचं म्हणणं, गेला तो गेला, वर माझी छत्री घेऊन गेला. ती छत्री तुझ्याकडे आहे का? असली तर असू दे, मी आपलं विचारलं.

ऑफिसात तुझी खुर्ची सरांनी स्वतःच्या केबिनमध्ये नेली. ती कुरकुरते ना, तुझ्यासारखीच. मला दोनदा वाटलं तू आलास.

खरं म्हणजे मी हे लिहायला बसले नव्हते. चौकशी सुरू झालीय. तुला कुणी सांगितलं नसेल.

शिट्टी गेला त्याला आज एकोणचाळीस दिवस झाले. त्याच्याबद्दल तू ऑफिसात एक शब्द बोलला नाहीस, तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलास, म्हणून मला कळत नाही तुला तो आठवतो की नाही. यार्डात माप घ्यायला गेलो होतो तेव्हा खाली हुक लावणारा तो. तोंडात बोटं घालून एवढ्या जोरात शिट्टी मारायचा की वर क्रेनच्या केबिनमध्ये काच हलायची. त्याने मला पण शिकवायचा प्रयत्न केला होता. माझ्या तोंडातून नुसती हवा आली, तर म्हणाला, असू दे, हवा पण चालते, वारा आला समजतील.

तर आता सगळं क्रेनकाकांवर आलंय. नऊ टनाचा माल चार टनाचा समजून उचलला, बाहेर फिरवला, क्रेन कलंडली, माल शिट्टीवर. काका म्हणतात स्क्रीनवर चार पॉइंट दोन होतं. मशीनच्या आतल्या नोंदीत त्याच मिनिटाला नऊ पॉइंट एक आहे. म्हणून सगळे म्हणतात काका खोटं बोलतायत.

आत्या हाक मारतेय. पुढच्या रविवारी लिहिते.

तू जेवतोस ना वेळेवर.

१९ जानेवारी, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाही आलं. ठीक आहे.

मागच्या वेळी मी नीट लिहिलं नाही. तुला सगळं माहीतच आहे, तरी आज पहिल्यापासून लिहिते, कारण लिहिलं की मला माझंच नीट कळतं. तोंडाने सांगायला गेले की सगळं एकदम दारात येऊन अडकतं.

तुझं इंजिन, म्हणजे आपल्या खेळांच्या आणि त्या क्रेनच्या स्क्रीनच्या खाली चालणारा तुझा प्रोग्राम, सगळी स्क्रीन दर वेळी परत रंगवत नाही. जेवढं बदललं तेवढंच रंगवतं. तूच मला शिकवलंस की भिंतीवर जिथे डाग पडला तिथेच ब्रश मारायचा, दर वेळी सगळं घर कशाला रंगवायचं. म्हणून तर आपले खेळ जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पळायचे. ती ट्रॅक्टरची शर्यत बाबांच्या दुकानातल्या डबड्यावर पण चालली होती आणि बाबा तीन दिवस येईल त्याला दाखवत होते.

आणि वजनाच्या आकड्यावर दुसरी चौकट आली, म्हणजे वारा वाढलाय अशी सूचना वगैरे, तर इंजिन खालचं चित्र जपून ठेवतं आणि चौकट बंद झाली की तेच परत चिकटवतं. पण चौकट उघडी असताना खालचा आकडा बदलला तर? इंजिन नवा आकडा रंगवतं, वर जुनं चित्र चिकटवतं, आणि समजतं की आपलं काम झालं. आत नऊ, बाहेर चार. मग माऊस त्या आकड्यावरून गेला की ते दचकतं, परत रंगवतं, आणि बरोबर आकडा येतो.

ऑफिसातल्या कुणाला हे कधी दिसलं नाही, कारण सगळ्यांचा माऊस सारखा हलत असतो. विचार करताना हलवतात, फोनवर बोलताना हलवतात. मलाच दिसलं, कारण मी हात मांडीवर ठेवून बसते. ऑगस्टमध्ये दिसलं. मी यादीत लिहिलं नाही. यादीत लिहिलं की सोमवारच्या बैठकीत उभं राहून ते सगळ्यांना वाचून दाखवावं लागतं. मी घरी जिन्यात तुला सांगितलं. तू म्हणालास, एका ओळीचं काम आहे, मी बघतो, यादीत कशाला घालतेस.

हे पण मी कुणाला सांगितलेलं नाही.

चौकशी यार्डाच्या ऑफिसात झाली, पहिल्या मजल्यावर. लांब टेबल, एका बाजूला चौकशीच्या बाई, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या फार हळू लिहितात, आपण बोलून गप्प झालो तरी त्यांचं चालूच असतं, मग माणूस घाबरून अजून दोन वाक्यं बोलतो. सरांनी क्रेनच्या केबिनमधली स्क्रीन आणून टेबलावर मांडली होती. वजनाच्या जागी एक फिरवायची कळ लावली होती, जेवढी फिरवू तेवढं वजन. मी फाईल धरून मागच्या खुर्चीवर.

क्रेनकाका समोर बसले होते. त्यांची टोपी त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि तिची कड नखाने सोलत होते. त्यांनी सांगितलं की चिठ्ठीवर पाइपांचा एकच गठ्ठा लिहिला होता. उचलला, आकडा चार पॉइंट दोनवर आला, बरोबर वाटला. तेवढ्यात वाऱ्याची सूचना आली. माल तसाच लटकत होता. ते सूचना वाचत होते तेव्हा खाली अडकलेला दुसरा गठ्ठा पण वर आला, पण तो वरून दिसत नव्हता. त्यांनी 'ठीक आहे' दाबलं, सूचना गेली, आकडा चार पॉइंट दोनच. म्हणून फिरवला.

जास्त वजनाला वाजणारी जुनी घंटा असती तर वाजली असती. ती नवीन स्क्रीन आली म्हणून काढून टाकली, ते तुला माहीत आहे.

बाईंनी म्हटलं, करून दाखवा. सरांनी कळ फिरवून चार पॉइंट दोन केलं, वाऱ्याची सूचना आणली, मग कळ नऊ पॉइंट एकपर्यंत फिरवली, 'ठीक आहे' दाबलं. आणि बाई म्हणाल्या, हाच का तो आकडा. सरांनी बोट टेकवून म्हटलं, हाच. नऊ पॉइंट एक.

तीनदा केलं. तिन्ही वेळा कुणी ना कुणी बोट टेकवलं. आकडा दाखवायचा म्हटल्यावर माणूस बोट लावणारच. सर मुद्दाम करत नव्हते, त्यांना खरंच माहीत नाही.

मग बाईंनी विचारलं, आकडा चुकीचा दिसल्याचं याआधी कुणाच्या पाहण्यात आलंय का. सर म्हणाले नाही, आणि तपासणीची फाईल दाखवली, आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, हिनेच तपासलंय सगळं, फार बारीक नजर आहे पोरीची.

मी मान हलवली. कुठल्या बाजूला ते मलाही सांगता येणार नाही. बाईंनी 'नाही' लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तुझा मेल मिळाला. एक ओळ आहे म्हणून पाठ झाली. "कुणाला काही बोलू नकोस, तू तशीही बोलत नाहीस."

मला आधी बरं वाटलं की तू जिवंत आहेस. मग मी ती ओळ परत वाचली.

आत्याने विचारलं काय लिहिलंय, तर मी सांगितलं सगळ्यांची आठवण काढलीय. बाबा लगेच म्हणाले, बघ, म्हटलं नव्हतं मी. त्या दिवशी ते दोन वेळा जेवण वाढून घेताना शीळ घालत होते. मी तुझ्यासाठी खोटं बोलले याचं मला वाईट वाटलं नाही, पण बाबांची शीळ ऐकवेना.

गेल्या मंगळवारी क्रेनकाका ऑफिसात आले होते. चार मजले चढून. त्यांना क्रेन चालवायला शिकवणारा आपला तो खेळ परत एकदा खेळून बघायचा होता. सर दारातच म्हणाले की चौकशी चालू असताना असं करता येत नाही, आणि दार हळूच लावून घेतलं. दुपारी मी डबा खायला जिन्यात गेले तर काका तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले. मला बघून सरकले आणि जागा दिली.

तुला आठवतं, ते मला मौनीबुवा म्हणायचे? उन्हाळ्यात तीन आठवडे रोज यायचे, खेळ खरा वाटतो का ते सांगायला, आणि आल्या आल्या विचारायचे, काय मौनीबुवा, आज व्रत सुटलं का. बाकी कुणी चिडवलं असतं तर मी बाथरूममध्ये जाऊन बसले असते. ते चिडवायचे तेव्हा मी हसायचे. एकदा ते खेळात क्रेन पाडत होते, सारखी पाडत होते, आणि मला म्हणाले, तीस वर्षांत एकदा पण पडली नाही ग, म्हणून जरा पाडून बघतोय कशी पडते.

मग म्हणाले, "मौनीबुवा, एक सांग. माणसाला चार आणि नऊमध्ये गोंधळ होतो का? वयाने?"

मी डब्याचं झाकण उघडलं.

"डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो एकदम चांगले आहेत. मग डोक्यातच काहीतरी झालं असणार. घरी घड्याळ बघतो ना, तर परत परत बघतो. साडेचार दिसले तर बायकोला विचारतो, किती वाजले."

मी डबा बंद करून वर आले. माझा डबा तसाच होता. पायऱ्या चढताना मागून ते म्हणाले, "जेव ग, उपाशी राहू नकोस."

दादा, मी तुला एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. म्हणजे तुला माहीतच आहे, कारण तू तिथेच होतास. पण आपण दोघं ती कधी बोललो नाही.

सप्टेंबरात यार्डवाल्यांना आपल्या खेळातली स्क्रीन एवढी आवडली की ते म्हणाले, हीच खऱ्या केबिनमध्ये लावून द्या. सर नाचायचेच बाकी राहिले होते. त्या रात्री जेवताना मी तुला म्हटलं, केबिनमध्ये माऊस नसतो. तुझा घास हातातच राहिला. बाबा मीठ मागत होते आणि तुला ऐकूच गेलं नाही. मग तू म्हणालास, टच आहे, बोट लागतंच कुठेतरी. आणि मला वाटलं, तू करशील. तू म्हणाला होतास ना एका ओळीचं काम आहे.

मग शेवटची तपासणी आली. यादीतला एकतिसावा मुद्दा, "सूचना बंद केल्यावर वजन बरोबर दिसते". मी सूचना आणली, वजन बदललं, सूचना बंद केली. जुनाच आकडा होता. तू केलेलं नव्हतंस. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, एक मिनिट तरी. तू माझ्या मागे उभा होतास. तुझा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, मला तो लागत होता. सर दोनदा डोकावून गेले, स्क्रीन न्यायला गाडी खाली उभी होती.

मग मी बोट टेकवलं. आकडा बदलला. मी बरोबरची खूण केली.

तू खुर्चीवरून हात काढलास आणि माझ्या डोक्यावर थोपटलंस.

मी रोज स्वतःला सांगते की तू सांगितलंस म्हणून केलं. पण तू काहीच सांगितलं नव्हतंस. बोट माझं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

गुरुवारी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. त्यानंतर बाई लिहून देतील आणि काकांवर पुढची केस उभी राहील. तुरुंगात पण जाऊ शकतात असं सर म्हणाले, वाईट तोंड करून, आणि मग म्हणाले, आपण त्यात काय करणार.

तू बुधवारच्या गाडीने निघालास तर पोचशील. तू आलास तर तूच सांग. तुला बोलता येतं. तू एवढं सोपं करून सांगतोस की चौथीतल्या मुलाला कळेल. मी मागे बसेन. मी तपासणीचं माझं सांगेन, तेवढं एक वाक्य मला जमेल.

नाही आलास तर मी सांगणार आहे.

मी हे घरी बोलले काल. पहिल्यांदाच. बाबांचं जेवण होईपर्यंत थांबले. बाबांनी सगळं ऐकलं. मग मला म्हणाले, तुझ्या भावाने ते सगळं स्वतःच्या डोक्यातून काढलंय, कुणी शिकवलं नाही त्याला, आणि तू ते चार लोकांत बसून मोडणार. मी म्हटलं, माणूस मेलाय बाबा. ते म्हणाले, तो क्रेनवाला म्हातारा माझा कोण आहे, हा माझा मुलगा आहे. आणि उठून गेले, ताटात हात न धुता.

आत्या भांडी घासत होती. तिचं अर्धं आयुष्य मला मुखदुर्बळ म्हणण्यात गेलंय, ते तुला माहीत आहे. नववीत मला वर्गात उभं करून धडा वाचायला लावला होता आणि मला सगळा येत असून तोंडातून एक अक्षर फुटलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलेच नाही, तेव्हा तीच एकटी म्हणाली होती, नका जबरदस्ती करू, लाजाळू आहे. काल ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गप्प बसायचं तर बस. पण मग याला लाजणं म्हणू नकोस. लाजणं वेगळं."

मी तुझा मेल रोज उघडून बघते. बुधवारची गाडी तिकडून दुपारी तीनला आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

तू नाही आलास.

मी गुरुवारी सकाळी स्टेशनवर नाही गेले, पण गाडी पोचायच्या वेळी बाल्कनीत उभी होते. खोटं कशाला सांगू.

काय झालं ते सांगते.

सगळे तसेच बसले होते. एक बाई जास्त होती, दाराजवळच्या खुर्चीवर, ती शिट्टीची बायको असं नंतर कळलं. चौकशीच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, नाही, माझ्याच डोळ्यांची चूक झाली असेल. असं म्हणाले दादा. 'असेल' म्हणाले.

मी उभी राहिले. मला वाटलं होतं की मी बोलेन, घरी मी पाठ करून गेले होते, कागदावर पण लिहिलं होतं. नाहीच आलं. नववीसारखंच झालं. सर हळूच म्हणाले, बस, बस खाली. बाई लिहायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या घाई करत नव्हत्या.

मग मी चालत टेबलापर्यंत गेले. कळ फिरवून चार पॉइंट दोन केलं. वाऱ्याची सूचना आणली. कळ नऊ पॉइंट एकपर्यंत नेली. 'ठीक आहे' दाबलं. आणि हात मागे घेतले.

चार पॉइंट दोन.

बाई पुढे वाकल्या. सर म्हणाले, थांबा, हे काय, आणि बोट पुढे केलं, आणि मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. त्यांच्या घड्याळाचा पट्टा माझ्या हातात रुतला. मी कधी कुणाचा हात असा धरला नव्हता.

"हात लावू नका," मी म्हटलं. "कुणीच लावू नका."

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर यार्डात कुणीतरी पत्रा ओढत होतं, तो आवाज थांबला तरी आकडा तोच. क्रेनकाका उठून टेबलाजवळ आले आणि हात पाठीमागे बांधून, अगदी वाकून, ते बघत राहिले. चार पॉइंट दोन. त्यांचे ओठ हलत होते, ते वाचत होते.

मग मी सरांचा हात सोडला आणि म्हटलं, आता लावा. त्यांनी नाही लावला. बाईंनी लावला. नऊ पॉइंट एक.

त्यानंतर मला बोलता आलं. जसं येईल तसं. ऑगस्टमध्ये मला दिसलं, मी भावाला सांगितलं, यादीत लिहिलं नाही. त्याने ते दुरुस्त केलं नाही. तपासणीत मला परत दिसलं, मी बोट लावलं आणि खूण केली. तो मागे उभा होता. मी तुझ्या बाजूने एक पण वाक्य बनवलं नाही आणि तुझ्या विरुद्ध पण नाही. बाईंनी हळूहळू सगळं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं आणि मी सही केली. मला सही नीट येत नाही, नाव लिहिलं.

मला वाटलं होतं काका काहीतरी म्हणतील. मी त्यासाठी नव्हतं केलं, पण वाटलं होतं. बाहेर जिन्याशी ते माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पायरीवर बसलो होतो मी. तेव्हा माहीत होतं तुला?"

मी म्हटलं, हो.

"डबा घेऊन आली होतीस," ते म्हणाले. मग टोपी घातली आणि खाली उतरले. मौनीबुवा म्हणाले नाहीत. आता म्हणणार पण नाहीत.

शिट्टीची बायको माझ्याजवळून गेली तेव्हा मी भिंतीला टेकले, ती मारेल असं वाटलं. तिने मला विचारलं, संडास कुठे आहे इथे. मी दाखवला.

सरांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय. ते रागावले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, मला सांगितलं असतंस तर मी एका दिवसात करून घेतलं असतं ग. खरंच घेतलं असतं त्यांनी. त्यांच्याकडे आता कोण नवीन मुलगा आहे, त्याने शुक्रवारी सकाळी तुझं इंजिन उघडून बघितलं. वीस मिनिटं लागली. तू म्हणाला होतास ते बरोबर होतं, एकच ओळ होती.

बाबा गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तर आत्याला सांगतात आणि आत्या मला सांगते. काल त्यांनी तुझा तो डबडा कॉम्प्युटर दुकानातून उचलून घरी आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. कशासाठी ते मला कळलं नाही. त्याच्यावरच लिहितेय.

बाईंनी तुझा पत्ता मागितला. घराचा मला माहीत नाही, ते मी सांगितलं. हा मेलचा पत्ता मी माझ्या हाताने लिहून दिला. त्यांचं पत्र येईल तुला, या आठवड्यात. ते बघून बंद करू नकोस. त्यात माझं नाव आधी आहे आणि तुझं नंतर, मी तसंच लिहून मागितलं. तू आलास आणि म्हणालास की हिने मला काही सांगितलं नव्हतं, तरी मी तिथे असेन आणि परत तेच सांगेन. तू आला नाहीस तर एकटी सांगेन. मला आता त्याची भीती वाटत नाही असं नाही, फक्त वाटली तरी बोलता येतं हे कळलंय.

तू माझ्या डोक्यावर थोपटलंस त्याबद्दल मी बाईंना सांगितलं नाही. तेवढं एक ठेवलं.

अजून एक, ते राहूनच जात होतं. आत्याचं लग्न ठरलंय. थट्टा नाही करत. बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतात ते काका, आणि आत्या म्हणे अडीच वर्षं त्यांच्याकडे रोज उशिरा येणाऱ्या बसची तक्रार करत होती. आम्हाला कालच कळलं. एप्रिलात आहे, सतराला.